गढूळ पाण्यातला कॅमेरा

नंदुरबार जिल्ह्यातल्या विसरवाडीहून समुद्र तसा फार लांब नाही. धुळे-सुरत महामार्ग गावाला लागून जातो. पश्चिमेला नवापूर मागे टाकले की गुजरात लागते आणि पुढे काही तासांत सुरत. पण या जवळच्या समुद्रात बुडी मारून हाताला लागेल तो गाळ. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक देशात सर्वांत मोठा आहे. तळाची माती तिथे दिवसातून दोनदा ढवळून निघते, आणि तापी, नर्मदा, मही, साबरमती या नद्या वर्षानुवर्षे त्यात भर घालत आल्या आहेत. पावसाळ्यात गावच्या सरपणी नदीला येणारे तांबडे पाणीही शेवटी तापीचेच. त्यातली जी माती उकाईच्या जलाशयात बसत नाही, तिची वाटही या आखाताकडेच जाते.

त्यामुळे नंदुरबार जिल्ह्यातल्या माणसाला पाण्याखालचे जग पाहायचे असेल, तर राज्याचे दुसरे टोक गाठावे लागते. मालवण, तारकर्ली, देवबाग, निवती हा तो पट्टा. मालवणच्या किनाऱ्यालगतचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या आसपासचे खडक त्यात येतात. शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, त्याच्याच तटाखाली आज नवशिके पहिली बुडी मारतात. राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबाचे शिक्षण देणारी संस्था उभी केली आहे, आणि सरावासाठी तिथे खोल तलावही आहे. पावसाळ्यात हे सगळे बंद असते. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास हंगाम सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो.

तिकडे जायचे ठरले की घरातल्या तरुणांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरा कोणता घेऊ? प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पाणी कसले आहे? मालदीवच्या किंवा लक्षद्वीपच्या निळ्या, वीस-तीस मीटर आरपार दिसणाऱ्या पाण्यात काढलेली छायाचित्रे पाहून आपण कॅमेरा निवडतो आणि तो घेऊन उतरतो मालवणच्या हिरवट पाण्यात, जिथे चांगल्या दिवशीही नजर काही मीटरच पोहोचते. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती असतात, नद्यांनी आणलेला गाळ असतो, लाटांनी उचललेली वाळू असते. महागड्या कॅमेऱ्यालाही यापलीकडचे दिसत नाही. कॅमेऱ्यात किती मेगापिक्सेल आहेत, याला इथे जवळजवळ काहीच अर्थ उरत नाही.

पाणी प्रकाशाचे काय करते ते एकदा नीट समजून घेतले, की खरेदीचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात. सूर्यप्रकाशातले सगळे रंग पाणी सारखेच शोषत नाही. लाल सर्वांत आधी जातो, पाचेक मीटरच्या खोलीवर तो जवळजवळ नाहीसा झालेला असतो. मग नारिंगी, मग पिवळा. खोल पाण्यात बोट कापले तर रक्त हिरवट-काळे दिसते, ते याच कारणाने. स्वच्छ खुल्या समुद्रात शेवटी निळा उरतो. किनाऱ्याच्या पाण्यात मात्र सूक्ष्म वनस्पती आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा विरघळलेला अंश निळाही खाऊन टाकतात, म्हणून आपल्याकडे उरतो तो हिरवा. आणि हा हिशेब केवळ खोलीचा नाही. प्रकाश पाण्यातून जितके अंतर कापतो, मग ते उभे असो की आडवे, त्या सगळ्या अंतराचा तो हिशेब असतो. सात मीटर खोल खडकावर बसलेल्या माशाचे छायाचित्र तीन मीटर अंतरावरून घेतले, तर प्रकाशाने निदान दहा मीटर पाणी ओलांडलेले असते.

यावरून पाण्याखालच्या छायाचित्रणाचा पहिला नियम निघतो आणि तो जगभरचे डायव्हर सांगतात: जवळ जा. मग आणखी जवळ जा. लांबचे ओढून आणणारी झूम जमिनीवर, जंगलात, पक्ष्यांच्या मागे फिरताना उपयोगाची असते. पाण्यात ती झूम मधले सगळे गढूळ पाणीही ओढून आणते. इथे दोनच प्रकारची भिंगे कामाची. एक, जे अगदी जवळून मोठा आवाका टिपते, म्हणजे वाइड अँगल. दुसरे, जे काही सेंटिमीटरवरून बारीक जीव टिपते, म्हणजे मॅक्रो. ज्या कॅमेऱ्याच्या जाहिरातीत ऑप्टिकल झूमचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो, तो पाण्यासाठी बहुधा चुकीचा.

आता उजेड. हरवलेला लाल रंग परत आणायचा खात्रीचा मार्ग एकच: पांढरा उजेड सोबत न्यायचा आणि जवळून टाकायचा. पण कॅमेऱ्यातच बसवलेला फ्लॅश उडवला की काय होते, हे धुळे-सुरत महामार्गावरचा कोंडाईबारीचा घाट धुक्यात उतरलेल्या कोणालाही सांगायला नको. हेडलाइट हायबीमला टाकला की समोर रस्ता दिसायच्या ऐवजी पांढरी भिंत उभी राहते, कारण डोळ्यासमोरचा धुक्याचा प्रत्येक थेंब उजेड थेट आपल्याकडे परत फेकतो. पाण्यातले गाळाचे कण नेमके तेच करतात. सगळ्या छायाचित्रावर पांढरे ठिपके उठतात. डायव्हर याला बॅकस्कॅटर म्हणतात. मालवणात पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलेल्यांची निराशा बहुतेक वेळा याच ठिपक्यांची असते, आणि ते वर येऊन कॅमेऱ्याला दोष देतात.

उपाय घाटातल्या गाडीचाच. धुक्याचे दिवे खाली आणि बाजूला बसवतात, तसा उजेड कॅमेऱ्यापासून दूर न्यायचा. त्यासाठी कॅमेऱ्याखाली एक पट्टी लावतात, तिला ट्रे म्हणतात. तिच्या टोकाला मूठ आणि मुठीवर वळवता येणारा हात, ज्याला डायव्हर आर्म म्हणतात. त्या हाताच्या टोकाला दिवा. दिवा थेट माशावर रोखायचा नाही, किंचित बाहेरच्या बाजूला वळवायचा. उजेडाच्या झोताची फक्त कड माशावर पडते, आणि भिंगासमोरचे पाणी अंधारातच राहते. कण असतात, पण उजळत नाहीत. ही एवढी गोष्ट कॅमेरा बदलण्यापेक्षा जास्त फरक पाडते, म्हणूनच माझे ठाम मत आहे की नवशिक्याने पैसे वाचवायचे झाले तर कॅमेऱ्यात वाचवावेत, दिव्यात आणि त्याच्या हातात वाचवू नयेत.

दिव्यांतही दोन जाती. स्ट्रोब हा क्षणभर लखलखणारा फ्लॅश. त्याचा उजेड सेकंदाच्या अगदी लहान अंशात येऊन जातो, त्यामुळे हलता मासाही स्थिर टिपला जातो आणि रंग भरदार येतात. पण तो कसा, किती आणि कोणत्या कोनातून टाकायचा हे आधी दिसत नाही. चित्र घेतल्यावरच कळते. दुसरा सतत जळणारा व्हिडिओ दिवा. त्याची ताकद स्ट्रोबच्या मानाने कमी, पण उजेड कुठे पडतो आहे हे डोळ्यांना दिसते, आणि फोटो व व्हिडिओ दोन्हींना तो चालतो. शिकताना डोळ्यांनी दिसणे मोलाचे असते, म्हणून सुरुवातीला व्हिडिओ दिवाच बरा. घेताना झोताची रुंदी पाहावी, शंभर अंशांच्या आसपासची. साध्या टॉर्चचा झोत दहा-पंधरा अंशांचा असतो, तो माशाच्या अंगावर एक पांढरा डाग पाडतो आणि बाकीचे काळे ठेवतो. दोनेक हजार लुमेनचा एक रुंद दिवा एका हातभर अंतरातल्या चित्राला पुरतो. त्यापलीकडे एकटा दिवा फार काही करू शकत नाही, आणि त्यापलीकडचे चित्र गढूळ पाण्यात घ्यायचेही नसते.

लाल फिल्टरची खूप जाहिरात होते. निळ्या पाण्यात, ऊन असताना, पाच ते पंधरा मीटरच्या पट्ट्यात तो उपयोगी पडतो. हिरव्या पाण्यासाठी लाल नव्हे, गुलाबी-जांभळट फिल्टर लागतो. फिल्टर नसलेला रंग निर्माण करत नाही. तो उरलेले रंग अडवतो आणि आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी करतो. दिवा वापरत असाल तर फिल्टर काढूनच ठेवावा.

कॅमेऱ्याकडे आता वळू. नवशिक्यासमोर मुख्यतः चार वाटा असतात.

मोबाइल हा सगळ्यांच्या खिशात असतोच. पर्यटनस्थळी मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्या गुडघाभर पाण्यात खेळायला ठीक, स्कूबाला मुळीच नाहीत. मोबाइलवरची आयपी ६८ ही खूणही दिशाभूल करू शकते. ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात, थोड्या खोलीवर, अर्ध्या तासाच्या आसपास केलेली असते. खाऱ्या पाण्याने झालेले नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत घेत नाहीत. शिवाय ओला टचस्क्रीन बोट ओळखत नाही. खरे हाउसिंग म्हणजे कडक कवच, ज्याच्या बाहेरच्या बटणांवरून ब्लूटूथने फोनचा कॅमेरा चालतो. ते चांगले असते, पण ज्या फोनमध्ये आपली बँक, आधार आणि घरच्यांचे नंबर आहेत तो अठरा मीटर खाली न्यायचा का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरी वाट गोप्रोसारख्या अॅक्शन कॅमेऱ्याची. गोप्रो कवचाशिवाय दहा मीटरपर्यंत चालतो, त्याच्याच कवचात साठ मीटरपर्यंत. काही नवे अॅक्शन कॅमेरे कवचाशिवायही अठरा-वीस मीटर सोसतात. रुंद दृश्य आणि व्हिडिओ यांत हे छोटे यंत्र उत्तम आहे. मर्यादा एकच, पण मोठी: साधारण फूटभराच्या आत त्याचे भिंग स्पष्ट पाहू शकत नाही. मालवणच्या खडकावर बोटभर लांबीची रंगीत सागरी गोगलगाय दिसली, तर ती अॅक्शन कॅमेऱ्यात एक धूसर ठिपका होऊन येते. पुढे मॅक्रो भिंग लावून हे थोडे सुधारता येते.

तिसरी वाट पाणी सोसणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांची. यात ऑलिंपसची टीजी मालिका गेली कित्येक वर्षे नवशिक्यांची आवडती आहे. या कॅमेऱ्यांच्या ब्रँडचे नाव आता ओएम सिस्टिम झाले असून टीजी-७ हा त्यातला कॅमेरा २०२३ साली आला. तो स्वतः पंधरा मीटरपर्यंत चालतो, हाउसिंगमध्ये पंचेचाळीसपर्यंत. त्याचा खरा गुण मायक्रोस्कोप मोड: भिंगापासून एक सेंटिमीटरवरची वस्तूही तो टिपतो. हिरव्या, गढूळ पाण्यात जिथे रुंद दृश्य क्वचितच जमते तिथे बारीक जीव रोज भेटतात. कोळंबी, खेकड्यांची पिल्ले, प्रवाळाचे एकेक तोंड, समुद्रफुलाचे तंतू. म्हणून फक्त मालवणात उतरणार असाल आणि व्हिडिओपेक्षा छायाचित्रे प्रिय असतील, तर माझे मत या वाटेच्या बाजूने पडते.

चौथी वाट मिररलेस कॅमेरा आणि त्याचे अॅल्युमिनियमचे किंवा जाड प्लास्टिकचे कवच. चित्राचा दर्जा निर्विवाद. पण कवच एकाच मॉडेलसाठी घडवलेले असते, अनेकदा त्याची किंमत कॅमेऱ्याहून जास्त असते, आणि दोन-तीन वर्षांनी कॅमेरा बदलला की ते पडून राहते. सुरुवातीला इकडे फिरकू नये.

भिंगासमोरची काच, म्हणजे पोर्ट, हीदेखील चित्र बदलते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. सपाट काचेतून पाहिले की वस्तू खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांशावर आणि तेवढ्या प्रमाणात मोठी भासते. मास्कमधून पाहतानाही हेच होते, म्हणून नवशिका हात पुढे करतो आणि खडक हाताला लागत नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत यामुळे रुंद भिंग अरुंद होते: २८ मिलिमीटरचे भिंग सपाट काचेमागे सुमारे ३७ मिलिमीटरसारखे वागते. घुमटाकार काच हा तोटा भरून काढते. मॅक्रोला मात्र सपाट काचच सोयीची.

आणि गळती. पाण्याखालच्या छायाचित्रणाचा इतिहास गळतीपासूनच सुरू होतो. १८५६ साली इंग्लंडमधल्या वेमथच्या उपसागरात विल्यम थॉम्पसन यांनी पेटीत बंद केलेला कॅमेरा दोरीने सुमारे साडेपाच मीटर खाली सोडला आणि दहा मिनिटे उघडा ठेवला. पेटीत पाणी शिरले, तरी काचपट्टीवर तळाचे अंधूक चित्र उमटले. फ्रान्समध्ये लुई बुतां यांनी १८९३ पासून स्वतः पाण्यात उतरून छायाचित्रे काढली. त्यांच्यासाठी कॅमेरा त्यांच्या भावाने रचला होता. १९२६ साली फ्लोरिडाच्या समुद्रात लाँगली आणि मार्टिन यांनी पहिली रंगीत छायाचित्रे घेतली. रंगासाठी लागणारा उजेड त्यांनी पाण्यावर तरंगत्या तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवून मिळवला. म्हणजे रंगाची खरी अडचण उजेडाची आहे, हे शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनाही कळले होते. पुढे सागरसंशोधक जाक कुस्तो यांच्या सहकाऱ्याने केलेल्या कॅलिप्सो कॅमेऱ्यावरून निकॉनने १९६३ साली निकोनॉस काढला, आणि वेगळ्या कवचाची गरज नसलेला कॅमेरा सामान्य डायव्हरच्या हाती आला.

दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. अठरा मीटरवर कवचाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पृष्ठभागापेक्षा सुमारे १.८ किलो जास्त भार असतो. हा भार अडवते ती रबराची एक बारीक गोल कडी, ओ-रिंग. तिच्यावर एक केस, वाळूचा एक कण, सुकलेल्या मिठाचा एक खडा राहिला तरी पाणी शिरते. म्हणून हाउसिंग होडीत, वाऱ्यात, ओल्या हातांनी कधीही बंद करू नये. आदल्या रात्री खोलीत, चांगल्या उजेडात बंद करावे. कडीला ग्रीस लावायचे ते कंपनीने सांगितलेलेच, आणि चमक येईल इतकेच. जाड थर वाळू धरून ठेवतो. रात्री खोलीत बंद करण्याचा दुसरा फायदा वाफेचा. कोकणातली दमट हवा आत अडकली, कॅमेरा तापला आणि बाहेरच्या काचेला गार पाणी लागले, की आतून धुके धरते. वातानुकूलित खोलीत कवच बंद करून आत सिलिका जेलची पुडी ठेवली, तर हे टळते.

याची तालीम विसरवाडीत बसून करता येते, आणि करायलाच हवी. नवे कवच आले की कॅमेरा न घालता त्यात टिश्यू पेपर ठेवा, बंद करा आणि पाण्याने भरलेल्या बादलीत वजन ठेवून तासभर बुडवा. कागद कोरडा राहिला तरच पुढे जा. मग कॅमेरा आत घालून अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बटणे शोधा: चालू, शटर, मॅक्रो, व्हाइट बॅलन्स. पाण्यात बोटे गार असतात, वेळ हवेच्या टाकीवर मोजला जातो, आणि तिथे मेनू चाळायला सवड नसते. फक्त एक सांगणे: सरावासाठी शेततळ्यात उतरू नका. त्याचे प्लास्टिकचे अस्तर इतके निसरडे असते की पोहता येणाऱ्यालाही काठावर चढता येत नाही. विहिरीत पोहायला शिकलेल्यांचा दम चांगला असतो, पण स्कूबात श्वास रोखून धरणे हीच सर्वांत धोक्याची चूक. वर येताना दाब कमी होतो आणि फुप्फुसात अडकलेली हवा फुगते.

कशावर किती पैसे खर्चायचे, त्यातली पहिली बाब इथे येते, आणि तिला मी सगळ्यांच्या वर ठेवतो: प्रशिक्षण. पर्यटक म्हणून घेतलेल्या चवीपुरत्या बुडीत प्रशिक्षक आपल्याला धरून असतो आणि बहुधा व्हिडिओही तोच काढून देतो. त्या वेळी स्वतःचा कॅमेरा नेण्यात काहीच अर्थ नाही. ओपन वॉटर कोर्स केला की अठरा मीटरपर्यंत जोडीदारासह उतरायची पात्रता येते. त्यानंतरही काही बुड्या रिकाम्या हातांनी कराव्यात, जोवर पाण्यात न वर जाता न खाली जाता, हात न हलवता तरंगता येत नाही तोवर. डायव्हर याला बॉयन्सी म्हणतात. ती जमली नाही तर कॅमेऱ्यात डोळा घातलेला माणूस नकळत तळावर जातो, त्याच्या पायातल्या फिनने वाळू उडते, आणि आपले व मागच्या प्रत्येकाचे पाणी तोच गढूळ करतो. दुसरे, ज्याच्यावर गुडघा टेकतो तो दगड नसून जिवंत प्रवाळ असू शकतो. कठीण प्रवाळ आणि समुद्री घोडे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत घातले. चित्रासाठी समुद्री घोड्याची शेपटी सोडवून त्याला वळवणे, माशांना पाव टाकून जमवणे, शेवंडाला कपारीतून ओढणे, यांतले काहीही करू नये. ज्या चित्रासाठी जीवाला हात लावावा लागतो, ते चित्र न घेतलेले चांगले.

कॅमेरा हातात नुसता धरू नये. गुंडाळी दोरीने जॅकेटच्या कडीला अडकवावा, म्हणजे गरज पडली की दोन्ही हात मोकळे होतात. दिवा, ट्रे आणि हात मिळून वजन खाली ओढत असेल, तर हाताला फोमचे तरंगते तुकडे लावतात. बुडीनंतर सगळे एकत्र गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावे आणि पाण्यातच प्रत्येक बटण दाबावे. मीठ आत सुकले की कडी कापते.

पहिल्या हंगामासाठी सेटिंग साधे असावे: शक्य असेल तर रॉ स्वरूपात चित्र घ्यावे, म्हणजे हरवलेला रंग घरी थोडाफार परत आणता येतो, दिवा लावलेला नसेल तर व्हाइट बॅलन्स त्या खोलीवर पांढऱ्या पाटीवर धरून ठरवावा. आणि मासा आपल्या वर किंवा समोर असेल अशा कोनातून टिपावा. वरून खाली घेतलेल्या चित्रात मासा तळाच्या रंगात मिसळून जातो.

दुसरा दिवा कधी घ्यावा? एका दिव्याने घेतलेल्या चित्रांत माशाची एक बाजू सतत काळी पडते आणि ती काळी बाजू तुम्हाला खुपू लागते, तेव्हा. वर लावायचे रुंद भिंग कधी? पाणी स्वच्छ असलेल्या ठिकाणी जायचे ठरेल तेव्हा. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचा प्रवाळांचा विस्तीर्ण उंचवटा आहे. तिथले पाणी निळे आहे, पण त्याचा सर्वांत उथळ माथाही वीसेक मीटर खोल आहे. अठरा मीटरच्या परवान्यावर तिथे उतरता येत नाही, त्यासाठी तीस मीटरचा पुढचा कोर्स करावा लागतो. तेव्हा दुसऱ्या वर्षी हाती पैसे आले, तर रुंद भिंगाच्या आधी त्या कोर्सचे नाव यादीत लिहावे.